किरकोळ दुरुस्ती

मकरपुऱ्याच्या कारखान्यात, जिन्याखालच्या गार खोलीत
मी बसतो. कुणाच्या पडद्यावर काय उघडेल
ते माझ्या यादीवर ठरतं.
जुगार, सिनेमे, दुसरीकडच्या नोकऱ्या, सगळं बंद.
जिगरभाई म्हणतात, "सेफ्टी छे, बीजुं कंई नहीं."
मीही तेच म्हणतो, पगार घेतो.

मंगळवारी नोंदीत एक शब्द अकरा वेळा अडवलेला.
दोन चाळीस ते तीन पाच. हिशेब विभाग, टेबल चार.
शब्द बाईच्या अंगाचा,
म्हणून यादीने तो अश्लील ठरवला.
पुढचा शब्द तिने वाचलाच नाही:
गाठ.

टेबल चार म्हणजे पोतनीसबाई.
दांडिया बाजारातून येतात,
डबा खाताना लोणचं माझ्याकडे सरकवतात,
आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात.
त्या दिवशीही केली.

मी इस्पितळांची पानं मोकळी केली.
सगळ्यांसाठीच केली,
कुणा एकीसाठी केली असं दिसू नये म्हणून.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
किरकोळ दुरुस्ती.

कुंपणाने शेत खाल्लं नव्हतं.
तरी विश्वामित्रीच्या पुलावर स्कूटर थांबवून
उगाच उभा राहिलो.
पाहिलं तर होतंच.

शुक्रवारी बाई रजेवर.
सोमवारी माझ्या दारापर्यंत आल्या, आत नाही.
"बुधवारी उघडलं हो ते पान," म्हणाल्या.
मग जरा थांबून,
"तुम्हाला सगळंच दिसतं का?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला
आणि आईचं काही न विचारता
गेल्या.