चंद्राचा दोरा

डिसेंबरचा दुसरा मंगळवार, रात्री साडेसात.
वर्षातून एकदाच लागायचं ते.
चुकलं की चुकलं,
दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड दाखवायची सोय नाही.

बाबा तांब्याच्या खाणीतून यायचे, बूट दारातच,
बर्फ वितळून लिनोलियमवर तळं व्हायचं.
एरवी त्या तळ्यावरून आई घर डोक्यावर घ्यायची,
त्या रात्री नुसतंच फडकं टाकायची वर.
आणि रेयनो छपरावर, उणे वीसमध्ये, अँटेना धरून.
"आलं का?"
"मुंग्याच आहेत!"
"आता?"
"आता दोन-दोन दिसतायत!"
सुरुवात त्याला कधी मिळालीच नाही.
साठी उलटली तरी फोनवर विचारतो,
ते पाणमांजर घरातून निघालं कशासाठी होतं गं?

लोकरीचं पाणमांजर. डोळ्यांच्या जागी बटणं,
त्यातलं एक जरा मोठं.
हातात कंदील. गोठलेली नदी.
पैलतीरावर एकच खिडकी अंधारी.
चालायचं ते अडखळत,
पाऊल टाकायचं, थांबायचं,
जणू प्रत्येक पावलाआधी कुणाला तरी विचारून घेतंय.
बर्फ मिठाचा होता, हे मला फार नंतर कळलं.
कळून काहीच बिघडलं नाही.

एकोणिसाव्या मिनिटाला वारा कंदील विझवायचा
आणि पत्र्याचा चंद्र वर यायचा, हळूहळू,
ज्या दोऱ्यावर टांगलेला, तो दोरा
क्षणभर चमकायचा.
बाबांचं बोट वर. आणि एकच शब्द:
"लांका."
लांका म्हणजे दोरा, त्यांच्या आईच्या फिनिश भाषेत.
ती भाषा त्यांनी आम्हाला शिकवली नाही,
एवढा एक शब्द सोडून.

पाणमांजर पोचतं की नाही, ते ठाऊकच होतं.
आम्ही दोऱ्याची वाट बघायचो.

खाण बंद पडली त्या वर्षीही: लांका.
आई दवाखान्यात होती, नर्सनं टीव्ही ढकलत आणला,
आई ग्लानीत, आणि तरीही: लांका.
रेयनो सैन्यातून परतला, सहा आठवडे घरात असून नसल्यासारखा,
आणि सोफ्याच्या त्या टोकाकडून, बाबांच्याही आधी,
घोगऱ्या आवाजात...
आईनं पदार्थ करपू दिला.
उठलीच नाही.

परवा कोल्बीनं, माझ्या मुलानं, भिंतीएवढ्या पडद्यावर लावलं ते.
नवं, स्वच्छ केलेलं. प्रत्येक चित्र धुऊन, निवडून.
लोकरीचा केस न् केस मोजून घ्यावा असं.
बाबा एकोणनव्वद. मांडीवर गोधडी, मान कललेली,
वाटलं, झोपले असतील.
एकोणिसावं मिनिट. बोट वर गेलं.

चंद्र आला. निळा, देखणा,
आभाळात आपला आपण.

बोट तसंच राहिलं हवेत.
मग ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात,
"आता पडेल तो."
कोल्बी हसला. मग हसायचा थांबला.

तळघर उपसलं आम्ही रात्री अकराला.
कॅसेट सापडली, तिच्यावर आईचं अक्षर,
आणि यंत्र, ज्याला दोन थपडा माराव्या लागतात.
पडद्यावर रेघा, आवाज पाण्याखालून आल्यासारखा,
मध्येच हाइक्की टायर्सची जाहिरात,
चार टायर घ्या, मफलर फुकट!
हाइक्कीही गेला, दुकानाचा आता पार्किंग लॉट झालाय,
तरी तो हसत मफलर दाखवत होता.
आणि मग, रेघांच्या त्या धुमश्चक्रीत,
केसभर उजेड.

बाबा काही बोलले नाहीत.
गोधडी नीट करून घेतली फक्त.

कॅसेटवर सुरुवात नाही.
आईनं बटण दाबायला उशीर केला होता,
बहुतेक ती खिडकीतून ओरडत असणार, "रेयनो, आता ये खाली!"
नव्या प्रतीत मात्र आहे सगळी, पहिल्या चित्रापासून.
पाणमांजर का निघालं, ते मी पाहिलंय.

रेयनोचा काल फोन आला, ॲरिझोनातून.
तिकडे बर्फ नाही, म्हणाला, कंटाळा आहे नुसता.
मग नेहमीचा प्रश्न.

मी म्हटलं, काय माहीत रे.
पुढच्या डिसेंबरला विचार.