समासात

कोपरखैरण्याच्या वाचनालयातलं
हे अंतराळवीराचं आत्मचरित्र
माझ्याआधी कुणीतरी पेन्सिल घेऊन वाचलंय.

सहा महिने तरंगलं की हाडं विरळ होतात,
या ओळीशेजारी, बारीक तिरप्या अक्षरात :
‘कुंदाचीही. पलंगावरच.’

मग बरीच पानं कोरी.
रॉकेट, बटणं, आकडे यांत त्याला रस नसावा.
थेट जेवणाच्या प्रकरणात,
भात चमच्याला चिकटून राहतो तिथे :
‘हे बरंय. आमच्याकडे सांडतो.’

मी हसले, आणि ओशाळून
शेट्येबाईंकडे पाहिलं.
त्या दंडाच्या पावत्या फाडत होत्या.

संध्याकाळी गच्चीवर गेले.
पाण्याच्या टाक्यांमधून जेवढं मिळतं तेवढं आभाळ.
खाडीकडून तो ठिपका आला,
न लुकलुकता, कुणाला न विचारता,
आणि पारसिकच्या डोंगरावर पोचायच्या आतच
सावलीत विझला.
आत माणसं जेवत असतील.

शेवटून तिसरं पान.
घरी परतलेला तो, सवयीने,
चहाचा कप हवेत ठेवतो.
फुटतो.
समासात, पेन्सिल जरा दाबून :
‘मी अजून दोन भरतो.’

पुस्तकाची मुदत शनिवारी संपली.
दिवसाला एक रुपया दंड.
असू दे.