नवी गोळी

कराडच्या टायरवाल्याकडनं आणलेलं शिसं
जिजाबानं रात्री ओतलं लांबोडक्या साच्यात.
सकाळी मोरगिरीच्या वरल्या पडकात
घायपातीला टेकवला तेलाच्या डब्याचा पत्रा,
मधोमध चुन्याचं बोट.

आजवर गोल गोळी आणि धोतराची चिंधी.
आता चिंधी नको म्हणतो, मेण पुरे.
माप मात्र तेच, सासऱ्यांची शिंगाची डबी.
"जरा कमी भर," मी म्हणते.
तो काठोकाठ भरतो.
गज दोनदा ठणकतो, मग मऊ बसतो.
टोपी चढते. घोडा मागं.

आवाज समोरच्या डोंगराला शिवून
परत येईस्तोवर
धूर आमच्यातच घुटमळला, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
पत्रा तसाच. चुनाही.

दुसरी वीतभर डावीकडं, मातीत.

तिसरी भरताना त्यानं डबी थोडी कलंडली,
माझ्याकडं न बघता.

पत्र्याला भोक! चुन्याच्या कडेला.
त्यातनं पलीकडचा नाचणीचा तुकडा दिसतो,
परवाच्या रात्री डुकरांनी लोळवलेला.

जिजाबा भोकात करंगळी घालतो,
काळी निघते ती.
"चौदा उरल्यात," एवढंच म्हणतो.

उतारावर बंदूक माझ्या खांद्यावर,
नळी अजून कोमट.