धारेचा हिशेब

मार्चचा तिसरा आठवडा, आणि हॅनकॉकमध्ये अजून
निम्म्या खिडकीपर्यंत बर्फ.
रेनोच्या पुतणीने तीन नावं लिहून दिलीत,
फ्रिजवर चुंबकाखाली लावलीत:
तीन सॉफ्टवेअर, टॅक्स भरायची.
"कुठलंही घे गं काकू, सगळी सारखीच."
सारखी नसतात. कुऱ्हाडीसुद्धा नसतात.

बावन्न वर्षं हा कागद रेनोने भरला,
आधी पेन्सिलीने, मग वरून शाईने,
जेवणाचं टेबल दोन रात्री अडवून.
मी फक्त सही करायची, तो बोट ठेवेल तिथे.
ऑक्टोबरपासून टेबल मोकळं आहे.
इतकं, की त्यावर काय ठेवावं सुचत नाही.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट.
उघडल्या उघडल्या म्हणालं, "हाय एल्ना! चल, सुरू करूया!"
ओळख ना पाळख.
पेन्शनचा आकडा टाकला
तर पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले.
मग विचारलं, आणखी काही उत्पन्न?
लिहिलं: गॅरेजमध्ये स्केट्सना धार लावणे,
जोडीमागे सहा डॉलर.
तसा त्याचा सूर बदलला.
हा धंदा झाला म्हणे, धंद्याला फुकट नाही,
एकोणनव्वद डॉलर, राज्याचे वेगळे.
म्हणजे पंधरा जोड्यांची धार
नुसतं धार लावली एवढं सांगायला.

दुसऱ्याने आधी फोन नंबर मागितला, मग बँक,
मग हळूच: परतावा आजच हवाय का?
थोडं कापून घेऊन लगेच देतो.
असा माणूस दारात आला असता
तर रेनोने त्याला कॉफी पाजली असती, उंबऱ्याबाहेरच.
मी कॉफीही विचारली नाही.

"रोख पैसा कुणाला दिसतो?" मी म्हणायची दरवर्षी.
"मला दिसतो," तो म्हणायचा,
आणि वही पुढे ओढायचा.
ती वही आता माझ्यापाशी.
जानेवारी, सात जोड, बेचाळीस.
लहानगी, पहिलेच स्केट्स, शून्य.
शून्यही लिहिलंय, खाली रेघ मारून.

तिसरं सॉफ्टवेअर पंधरा डॉलरचं,
पोस्टाच्या भिंतीसारखं करडं.
हाय नाही, शाबासकी नाही.
ओळ अमुक, रकाना तमुक,
कागदावर असतात तसेच.
रकाना रिकामा ठेवला तर थांबतं,
बोलत नाही.
मी उठून चूल बघून आले,
परत आले तर तिथेच होतं, तसंच.
हे मी घेतलं.

त्याने विचारलं: पती. मृत्यूचा दिनांक.
मी आकडे टाकले. दुःख झालं वगैरे म्हणालं नाही.
बरं वाटलं.
पुढच्या पानावर लिहून आलं,
की ज्या वर्षात जोडीदार गेला
त्या वर्षाचं विवरण दोघांचं मिळून भरता येतं.
पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा.
सरकारच्या लेखी गेलं अख्खं वर्ष
आम्ही दोघं. नोव्हेंबरही. डिसेंबरही,
तो नसलेला, अंगणातला बर्फ मी एकटीने उपसलेला.

छापून घेतलं, पोस्टाने पाठवायला.
माझी सही मी केली, या वेळी बोट कुणाचं नव्हतं.
त्याच्या ओळीवर लिहायचं होतं, की मी मागे राहिलेली पत्नी.
पेन्सिलीने लिहिलं आधी.
मग शाईने.

एवढं सगळं झालं, आणि काल संध्याकाळी
तो उंच मुलगा आला, कोइव्हिस्टोंचा, गोलकीपर.
वहीत शेवटची नोंद त्याचीच होती: एक जोड, उधार.
टोपी काढून दारात उभा राहिला, सहा डॉलर हातात,
सगळ्या एक-एकच्या नोटा.
आत ये म्हटलं, तर बूट ओले आहेत म्हणाला.

हे कुठल्या वर्षात धरायचे?
सॉफ्टवेअरला विचारावं तर लिफाफा बंद झालाय.
वहीत मात्र लिहिले. माझ्या अक्षरात पहिली ओळ:
मार्च, जुनी बाकी, सहा.
खाली रेघ मारायला पट्टी शोधतेय.
तो कुठे ठेवायचा, कोण जाणे.