पावती

नागपूरहून आला. थर्माकोल काढलं
तर आत नुसता पडदा.
खाली एक पाय, बगळ्यासारखा,
मागं दोन बारीक भोकं.
बस.

फाट्यावरचं माझं सेवा केंद्र त्या दिवशी भरून गेलं.
सातबारा कुणालाच नको होता.
टिकाराम म्हणाला, "डब्बा कोठी गेला वं सुकेशनी?
का डब्ब्याचे पैसे अलग?"
बोरकुटे गुरुजींना तो फार आवडला.
"सुबक आहे. हार तेवढा घातला की झालं."
शेवंताकाकू हळदीकुंकवाची वाटी घेऊन
त्याच्या भोवती दोनदा फिरल्या,
कपाळ सापडेना,
शेवटी पाठीलाच बोट टेकवलं.
मी म्हटलं, आता असंच असतं, पातळ.
"पातळ तं ताकही असते," टिकाराम.

जुन्या डब्ब्यावर मी बारा वर्षं चहाचा कप ठेवला.
थंडीत त्याच्या कुशीला मांजर झोपायची.

दिवेलागणीला कवडूजी ठेंगरी आले.
पिशवीतून पिशवी, तिच्यातून रुमाल,
रुमालातून सीडी.
धाकट्या भावाची दंडार. फागू त्यात बाईचं सोंग घ्यायचा.
लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं काढलेली,
चाळीस रुपयांना घेतलेली.
फागू आता नाही.
पडद्याच्या कडेकडेनं त्यांनी बोट फिरवलं,
बाजारात बैल पाहावा तसं.
"याले तोंडच नाई."

मी समजावलं, आता घरात ठेवायचं नसतं, काका.
सगळं वर असतं.
हवं तेव्हा खाली बोलवायचं.
"वर तं फागूही हाये," ते म्हणाले.
"बोलाव."

मी गप्प. मला माझी गाणी आठवली.
सत्तावीस होती. 'विकत घ्या' लिहिलेलं
हिरवं बटण दाबून एकेक घेतलेली,
दरवेळी पासवर्ड, दरवेळी टिंग.
मागच्या पोळ्याला उघडायला गेले तर
ही सामग्री आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.

माझा प्रदेश.
म्हणजे धानाच्या बांध्या, मामा तलाव,
पहाटे मोहाखाली येऊन जाणारं अस्वल.
त्यांना काय माहीत
इथं काय काय उपलब्ध आहे.
फोन लावला. पोरगी गोड बोलली,
मॅडम, तुम्ही गाणी नव्हती घेतली,
ऐकायची परवानगी घेतली होती.

कवडूजी खर्रा घोटत ऐकत होते.
"माह्या अगुदर तिघं गेले.
मंग मायनं मले सुइनीले विकलं
न एक कवडी देऊन वापस घेतलं.
म्हून कवडू.
सत्तर वर्सं झाली, कोनी मांगाले आला नाई.
घेतलं म्हंजे घेतलं."

मागच्या खोलीत बारदान्याखाली जुना डब्बा होता.
झटकला, जोडला.
सीडीच्या फटीत कुंभारणीनं मातीचं घर केलेलं.
टाचणीनं उकरलं,
तर खर्र करून जीभ बाहेर आली.

अकरा मिनिटं चालली.
मग अडकली. फागूचा एक पाय वर,
लुगड्याचा काठ दातांत,
डोळे आमच्याकडे.
मी काढू लागले तर हात धरला.
"राहू दे.
याच्या पुढं तो इसरला होता."

निघताना विचारलं, किती झाले.
काही नाही, काका.
"नाई. घे." टेबलावर दोन रुपये.
"न चिठ्ठी दे."

नव्यावर टाइप केलं. अक्षर फार छान येतं त्याच्यात.
फागू ठेंगरी, अकरा मिनिटे,
रुपये दोन मात्र, मिळाले.
सही करणार तेवढ्यात
त्यांनी कागद स्वतःकडे फिरवला,
न वाचता येणाऱ्या ओळींवरून बोट नेलं, विचारलं,
"वापस मांगाचं तं काई नाई न लिवलं याच्यात?"