सातव्या खांबापर्यंत

वॉकलीच्या चढावर मी दिव्याचे खांब मोजते.
मार्चमध्ये अकरा व्हायचे.
आता सातव्यापाशी डावा पाय माझा राहत नाही,
पोटरीतून कुणी तापलेली तार ओढतं
आणि मी मिसेस क्रॅब्ट्रीच्या कुंपणाशी
गुलाब बघायला थांबल्याचं सोंग करते.
गुलाब संपलेत. नोव्हेंबर आहे.
तरी बघते.

शेफील्डात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात.
मिस्टर ऑल्ड्रिजनी पडद्यावर माझी पाठ लावली,
करडी, धुक्यातल्या घाटासारखी.
"चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय. हा, इथे."
मला तो वाकून बघताना दिसला,
एकोणीस वर्षं शाळेच्या किचनात
बटाट्यांची पातेली उचललेल्या बाईचा मणका,
अजून कुणाला वाढायचं राहिलंय का, शोधणारा.

मग खणातून एक स्क्रू काढून
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.
टायटॅनियम. जांभळट.
इतका हलका, की एवढं घाबरल्याची लाज वाटली.
असे चार. दोन सळ्या. मधे एक पिंजरा,
पिंजऱ्यात माझंच हाड, किसून.

अण्णा मिरजेला तंबोऱ्यांना खुंट्या बसवायचे.
म्हणायचे, खुंटी चुकली तर निघते गं,
भोक निघत नाही.
म्हणून गिरमिट हातात घेण्याआधी
चहा प्यायचा.

डोरीन नऊ वर्षांपूर्वी करून आली.
आता शिडीवर चढून पडदे धुवायला काढते,
म्हणते, "उगाच थांबले होते, बाई."
केल्विननेही केलं.
त्याचा वरचा मणका दोन वर्षांत बोलायला लागला,
पुन्हा टेबल, पुन्हा सळ्या.
दोघंही खरं बोलतात.
तीच तर पंचाईत आहे.

फिजिओवाली इफेओमा म्हणते, पाठ काचेची नसते.
दिगंबर म्हणतो, मी तुझ्या पाठीशी आहे.
पाठीशी नको रे,
एक दिवस पाठीत ये.

मी मिस्टर ऑल्ड्रिजना विचारलंच,
"तुमची पाठ असती तर?"
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ.
"पाऊल लुळं पडलं, लघवीचं कळेनासं झालं,
तर त्याच रात्री या, एक मिनिट थांबू नका.
एरवी घाई नाही.
पायाचं दुखणं बहुधा कमी होईल,
कमरेचं वचन मी देत नाही."
एवढं बोलून ते खिडकीकडे वळले,
आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाचा भरवसा वाटला.

रात्री जमिनीवर पडले,
पिंढऱ्या खुर्चीवर, तेवढंच बरं वाटतं.
दिगंबर शेजारी येऊन आडवा झाला,
दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.
त्याचे गुडघे कटकन वाजले.
"काय बघतेस?"
"छत. तो तडा."
चार वर्षं भरायचा राहिलेला, दिव्यापासून दाराकडे निघालेला.
"वाढलाय का गं?"
"कुणास ठाऊक. रोज बघतो, त्यामुळे कळत नाही."

तो उठला. स्टूल आणलं.
तडा जिथे संपतो तिथे पेन्सिलीने
एक आडवी रेघ मारली,
बाजूला तारीख घातली, बारीक अक्षरात,
जसा शाळेत मस्टर भरायचा तसा.
मग खाली उतरून म्हणाला,
"फेब्रुवारीत बघू."

फॉर्म टेबलावरच आहे,
सहीच्या जागी कपाचा गोल डाग.

सकाळी निघताना कोटाच्या खिशात
तीच पेन्सिल सापडली, नीट टोक केलेली.
कुणी ठेवली, विचारलं नाही.
चढाला लागले.