सुट्टीवर जाण्याआधी, दस्तगीरला

आधी पाणी बदल, मग दार उघड.
उलटं केलंस तर तहानेनं
शेजारच्या खजुरीखालच्या पाटावर उतरतील,
आणि खाली उतरलेलं कबूतर म्हणजे
ताटात वाढलेलं.

शिडीची तिसरी पायरी गंजली आहे.
ढाबळीच्या वर तंगूस ताणली आहे, वीत-वीत अंतरावर,
दिसत नाही, कपाळाला लागते. वाकून जा.
त्या लटकवलेल्या सीड्या बू खल्फानच्या लग्नाच्या.
दोन दिवस ससाण्यानं त्यांचा मान राखला,
तिसऱ्या दिवशी एकीच्या शेजारी बसून
पिसं विंचरत होता.
म्हणून जागा बदलत राहा.

मिरजेत आपण घारीला शिव्या घालायचो,
तिच्या नावानं पत्रा बडवायचो.
ते इथे विसर.
दिगदाग्याच्या पूर्वेला उघडा डोंगर दिसतो ना,
चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा,
तिथून बहिरी येते.
येते म्हणजे दिसत नाही.
आधी थवा फाटतो,
मग आवाज, ओली चादर झटकल्यासारखा,
मग नुसती पिसं,
सावकाश,
कितीतरी वेळ.

ऊन तापल्याशिवाय सोडू नकोस.
रोज तीच वेळही धरू नकोस,
तुझ्या घड्याळापेक्षा तिचं पक्कं आहे.
पांढरी मादी आतच ठेव. रडेल. रडू दे.

खल्फान येईल, मालकाचा थोरला,
छर्र्याची बंदूक घेऊन.
त्याला चहा दे, साखर जास्त.
कायदा आहे, असं म्हणू नकोस, त्याला माहीत आहे.
फक्त खाली बोट दाखव.
खाली त्याच्या काकाच्या खोलीत
एसी लावून ससाणा बसवलाय,
डोळ्यांवर चामड्याची टोपी, पायाखाली हिरवळीचा तुकडा.
त्याला स्वतःचा पासपोर्ट आहे. मी हातात घेऊन पाहिलाय.
माझा मला काल मिळाला, तीन वर्षांनी,
कपाटातल्या अत्तराचा वास येतोय त्याला.
दोघे भाऊ एकाच परातीत जेवतात, दस्तगीर.
एक मला विचारतो, किती आली?
दुसरा विचारत नाही.

सतराशे बारा, निळी, डावीकडचा वरचा खोपा.
गेल्या शर्यतीत सिल्याहून आली ती फाटक्या पोटळीनं.
दाणे टिपत होती आणि
छातीतून ते परत खाली पडत होते,
तेच पुन्हा टिपत होती.
शर्टाच्या बटणाचा दोरा, सात टाके.
नंबर चौदावा लागला. मालक हळहळला.
आता अंड्यांवर आहे. खोप्यात हात घालू नकोस,
चोच मारते, आणि बरोबर मारते.

एक गोष्ट मी कुणाला बोललो नाही.
माघात एका पहाटे शिक्र्याची मादी आत सापडली,
तारांच्या झडपेतून शिरलेली; आत येता येतं,
बाहेर जाता येत नाही, ती झडप तशीच असते.
दोन पिल्लं खाल्ली होती.
टॉवेल टाकून धरली. वाटलं, मान मुरगाळावी,
तेवढ्यात हाताला लागलं तिचं छातीचं हाड,
सुरीसारखं. अंगावर मांसच नव्हतं.
पिवळे डोळे, जराही न घाबरलेले.
खोक्यात घालून पिकअपनं मसाफीच्या पुढे नेली,
सत्तर किलोमीटर,
घाटात सोडली, परत येताना पेट्रोल भरलं,
पावती फाडून टाकली.

पाचव्या दिवशी समोरच्या दिव्याच्या खांबावर
तीच. शेपटीतलं एक पीस माझ्याच टॉवेलनं मोडलेलं.
हसू आलं रे. शर्यतीत उतरवली असती
तर निदान दहात आली असती.

झडपेवर आता आडवी फळी आहे. मावळतीला लाव, विसरू नकोस.
मग मोज. बेचाळीस भरली पाहिजेत.
मी कधी कधी त्रेचाळीस मोजतो,
पुन्हा पहिल्यापासून धरतो,
आणि मग लक्षात येतं,
खांबाकडे बघत होतो.